मिश्रीचा हंगाम

होळी होऊन गेली की दोन गोष्टी माझ्या वाट्याला हटकून येतात. रविवारी निपाणीला माहेरी गेले की तंबाखूचा वास, आणि सोमवारी बेळगावात कॉलेजला आले की टेबलापुढं पोरांची रांग. वास गाडीतून उतरायच्या आधीच नाकात शिरतो. नवखा माणूस निपाणीच्या स्टँडवर उतरला की आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. पोरं शिंकत नाहीत, पण तोंड तसंच करून उभी राहतात. स्टॅटिस्टिक्सच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची ही पोरं. वर्षभर कँटीनच्या पायरीवर बसलेली असतात, आणि प्रोजेक्टची तारीख मानगुटीवर बसली की मुडद्यांना मॅडम आठवते.

परवा त्यांतली एक आली. कंग्राळीची आहे, हुशार आहे, वेणी घट्ट आणि उत्तरं त्याहून घट्ट. लॅपटॉप हळदीकुंकवाच्या तबकासारखा दोन्ही हातांवर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, इव्हेंट कमी पडायला लागलेत."

मी तिला बस म्हटलं आणि उगाचच पाणी प्यायला उठले.

ज्यांना आमच्या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांना सांगते. रोग कळल्यापासून माणूस किती काळ तगतं, हे मोजायची एक रीत स्टॅटिस्टिक्समध्ये आहे. त्या रीतीत माणूस मेलं असं म्हणत नाहीत. इव्हेंट झाला म्हणतात. लग्नाचे मांडव घालणारेही हल्ली स्वतःला इव्हेंटवाले म्हणवतात, त्यामुळं पोरांना हा शब्द उच्चारताना काहीच वाटत नाही. इव्हेंट पुरेसे नसतील तर आकड्यांतून काही सिद्ध होत नाही. म्हणजे साध्या मराठीत सांगायचं तर, यादीतली माणसं पुरेशी मेलेली नाहीत म्हणून ही मुलगी काळजीत होती. तिला तसं तोंडावर म्हटलं असतं तर ती रडली असती.

मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो असाच तंबाखूच्या हंगामात, शिकत असताना. येळ्ळूरची वैजयंता आणि मी, दोघींचं मिळून एक प्रोजेक्ट होतं. बेळगावच्या एका दवाखान्यानं आमच्या सरांना तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायकांची यादी दिली होती. नावं-पत्ते आमच्याजवळ, कॉम्प्युटरमध्ये मात्र नुसते नंबर. आम्ही घरोघर फिरून दोन गोष्टी विचारायच्या होत्या. बाई तंबाखू खाते का, होय की नाही. आणि बाई आहे का. असेल तर शून्य, गेली असेल तर एक. शहापूर, वडगाव, येळ्ळूर ही बाजू वैजूच्या वाट्याला, निपाणी आणि आसपासची खेडी माझ्या. आणि निपाणीच्या त्या यादीत एक नंबर माझ्या आईचा होता. मी हे सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, एक घर तरी शोधायला नको.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला. लग्न होऊन निपाणीत आली तशी वखारीत शिरली, नाकातोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत बसली. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याला, तिच्या भाकरीला, तिनं दिलेल्या धपाट्याला सुद्धा तंबाखूचा वास यायचा. तोंडाची फटकळ. फटकळ हा शब्द मी मुलगी म्हणून वापरते, गल्लीत त्याला वेगळे शब्द होते. आमचे वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्या एका बाईनं मोठा गळा काढला, तर आई तिला म्हणाली, "हळू रड गं, त्यास्नी झोप लागलीया." पुढं तिच्या गालाला आतून चट्टा आला आणि तो कॅन्सर निघाला, तेव्हा गल्लीनं निकाल लावून टाकला. तोंडानं लई वाईट, तोंडालाच लागलं. हे मला आईनंच सांगितलं, हसत हसत. हसताना गाल दुखायचा म्हणून एका बाजूनंच.

सगळं काम करायचं होतं ते 'आर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. नाव एकाच अक्षराचं, पण जगभरातल्या हिशेबी माणसांनी आपापल्या घरी बसून ते लिहीत आणलेलं. कुणीही उतरवून घ्यावं, उघडून बघावं, हवं तर दुरुस्त करावं, पैसा नको. आकडे घालायचे, हुकूम सोडायचा, की ते उत्तरही देतं आणि चित्रही काढून देतं. वैजूच्या भावाचा लॅपटॉप आम्ही आळीपाळीनं वापरायचो. मी तो पहिल्यांदा निपाणीला आणला तेव्हा आईनं विचारलं, ह्यात काय हाय. आर आहे म्हटलं. बैलाला टोचायची व्हय, म्हणाली. मी सांगितलं की हे अख्खं फुकट मिळतं, तर तिचा विश्वास बसेना. फुकट कोण कुणाला देत न्हाय, घेणारा कुठं तरी बसलेला असतोयच, असं म्हणून ती उठून गेली.

फुकट होतं हे खरं, पण स्वभावानं खाष्ट सासू होतं. एक कॉमा राहिला, एक कंस मिटायचा राहिला, मोठ्या अक्षराच्या जागी लहान पडलं, की लाल अक्षरांत बोंब. काय चुकलं ते धड सांगायचं नाही, चुकलं एवढंच सांगायचं. आजही माझी पोरं ती लाल अक्षरं बघून रडकुंडीला येतात. मी त्यांना धीर देत नाही. मनात म्हणते, बाळांनो, ते ओरडतंय तोवर बरं आहे.

बाई आहे का, हे विचारायचं कसं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. दारात उभं राहून मेली का म्हणून विचारता येत नाही. मग मी एक युक्ती काढली. पाणी मागायचं, आत जाऊन टेकायचं आणि भिंतीकडं बघायचं. फोटोला हार असला की मनातल्या मनात एक मांडायचा आणि मग चेहरा पाडून विषय काढायचा. युक्ती फसली ती एकदाच. भिंतीवर हार घातलेला बाईचा फोटो होता. समोर बसलेल्या म्हातारीला मी हळुवार आवाजात विचारलं, कधी गेल्या ओ? म्हातारी म्हणाली, ती माझी सासू, जाऊन जमाना झाला, म्या हाय की अजून, तुला घाई हाय का? तिच्यादेखत मी शून्य लिहिलं. घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती इतकी हसली की वाटीतली पेज अंगावर सांडली. मग हसणं दुखायला लागलं म्हणून तिनं मलाच शिव्या घातल्या.

तंबाखूचा प्रश्न त्या मानानं सोपा वाटला. जन्म वखारीत काढलेल्या बायका, नखं पिवळी पडलेली, पण ठसक्यात सांगायच्या की बायका कुठं तंबाखू खात्यात, गड्याची कामं ती. मी लिहीत गेले, नाही, नाही, नाही. आईलाही रीतसर विचारलं. तिनं माझ्या वडलांचा उद्धार केला, स्वतःच्या भावाचा केला, दोघंही तंबाखूनंच गेले म्हणाली, पण आपण चिमूटभर सुद्धा कधी तोंडात टाकली नाही म्हणून शपथ घेतली. मी तिच्या नंबरापुढंही नाही लिहिलं.

मग सरांनी आमचा पहिला आलेख अख्ख्या वर्गासमोर पडद्यावर लावला. हा आलेख म्हणजे उतरता जिना असतो. डावीकडं वर सगळ्या बायका जिवंत, मग एकेक इव्हेंट झाला की रेघ एक पायरी खाली. तंबाखू खाणाऱ्यांची एक रेघ आणि न खाणाऱ्यांची दुसरी. आमच्या दोन्ही रेघा सख्ख्या बहिणींसारख्या हात धरून उतरत होत्या. तंबाखू खा नाहीतर खाऊ नका, मरण सारखंच, असं आमचं प्रोजेक्ट सांगत होतं. शिवाय अख्ख्या निपाणीत खाणाऱ्या बायका जवळजवळ नव्हत्याच. सर फार गोड आवाजात म्हणाले की निपाणीच्या बायकांना तंबाखू म्हणजे काय ते माहीत नाही, असा शोध आपल्या वर्गात लागलेला आहे, टाळ्या वाजवा. वर्गानं खरोखर वाजवल्या. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. आपल्याला विनोद जमतो असं त्यांना वाटायचं आणि तसं नाही हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. वैजू कानापर्यंत लाल झाली. मी बाकावर बसल्या बसल्या सरांच्या तेराव्याचा बेत ठरवला, गोडाला काय करायचं इथपर्यंत.

त्या रविवारी सकाळी निपाणीला पोचले तर घरात जळका धूर. मागच्या दारी आई उकिडवी बसलेली, चुलीवर फुटका तवा, तव्यात तंबाखू. काळी होईतो भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची आणि बोटावर घेऊन दाताहिरड्यांना घासत बसायचं. ही मिश्री. आमच्याकडं बाईचा दिवस तिच्यावर चालतो. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, वखारीतून आल्यावर, भांडण झाल्यावर. दवाखान्यानं बंद करा म्हणून सांगूनही आईची चालूच होती. दुखऱ्या गालाला तेवढ्यापुरतं बधिर वाटायचं, म्हणून त्या बाजूला जरा जास्तच. लहानपणापासून रोज बघितलेलं ते काळं बोट मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं आणि हातातली पिशवी न ठेवता तशीच उभी राहिले.

"आई, तंबाखू खात न्हाय म्हणालीस की तू."

"मग? कुठं खाते?"

"ही काय हाय मग?"

"मिश्री हाय ही," ती मलाच खुळी ठरवत म्हणाली. "दात घासतोय आमी. तंबाखू खाणं येगळं."

ती खोटं बोलत नव्हती, आणि त्या बाकीच्या बायकाही बोलत नव्हत्या. खरी गंमत विचारणारीची होती. बाहेरगावचं कुणी आलं असतं तर त्यानं पहिल्या फटक्यात विचारलं असतं, बाई, बोटाला काय आहे ते. मी त्याच धुरात वाढलेली. कित्येक घरांत बायका मिश्री लावता लावताच मला उत्तर देत होत्या आणि मी समोर बसून नाही लिहीत होते. दात घासणाऱ्या माणसाला कोण काय विचारणार? जळ्ळं मेलं ते शिक्षण.

पुन्हा सगळी घरं पालथी घातली. आता प्रश्न बदलला. मिश्री लावता का, असं विचारलं की बायका हसायच्या, व्हय की, ती कोण लावत न्हाय म्हणायच्या. जिथं बाई उरली नव्हती तिथं सुनेला विचारलं, तर एका सुनेनं कमरेची डबी काढून दाखवली. सासूचीच आहे, चांगली आहे म्हणून ठेवली, म्हणाली, आणि झाकण उघडून माझ्यापुढं धरली. वैजूनं तोच प्रश्न वडगावात विणकरांच्या मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून विचारला. तिकडच्या काही लावणाऱ्या निघाल्या, काही न लावणाऱ्या. मी आईच्या नंबरापुढचं नाही खोडून होय केलं.

आता आलेख काढला तर बहिणींनी एकमेकींचा हात सोडला. मिश्रीवाल्यांची रेघ भराभरा खाली, दुसरी बरीच वर. पण नुसतं चित्र दिसून चालत नाही. हा फरक योगायोगाचा नाही हे सांगणारा एक आकडा असतो, तो ठरलेल्या मर्यादेच्या आत यावा लागतो. आमचा आकडा उंबऱ्यावर येऊन बसला होता आणि आत पाऊल टाकायला तयार नव्हता. घोडं तिथं पेंड खात होतं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"इव्हेंट कमी पडतायत," ते म्हणाले. "तारीख पुढं ढकलून घेतो. एखादा वाढला की झालं."

वैजू कीबोर्डकडं बघत बसली. निपाणीच्या मिश्रीवाल्यांत अजून शून्यावर कोण आहे आणि त्यांतली कुणाची तब्येत उतरत चाललीय, हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. सरांनाही होतं. आकडा मनासारखा येईतो वाट बघत बसणं शास्त्रात बसत नाही, हे मी आता वर्गात घसा फोडून शिकवते. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून खिडकीबाहेर बघितलं. त्यानंतर सर मला रोज विचारायला लागले, आईची तब्येत कशी आहे. आधी कधी विचारलं नव्हतं.

मुदत मिळाल्यावर मी निपाणीलाच येऊन राहिले. एका दुपारी आईला पेज भरवत होते तेवढ्यात सरांचा फोन आला. हात खरकटे म्हणून फोन तसाच खाली ठेवून स्पीकर लावला. सरांनी तब्येत विचारली आणि त्याच दमात इव्हेंटचं विचारलं. फोन बंद झाल्यावर आईनं तो शब्द तोंडात घोळवून बघितला. यवेंट म्हंजे काय गं? मी म्हटलं, घटना. कसली घटना? मी वाटी खरवडायला लागले. आईनं वाटी बाजूला सारली. ती काही खुळी नव्हती. म्हणाली, ते चित्र दाव.

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.

"ह्यात म्या कुठं हाय?"

जी बाई शेवटच्या चौकशीपर्यंत जिवंत आहे तिच्यासाठी आर रेघेवर अधिकाच्या चिन्हासारखी बारीक खूण करतं. मी तिच्या खुणेवर बोट ठेवलं. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि येवढीच का म्हणून विचारलं. मग पायऱ्या काय आहेत ते विचारलं. गेलेल्या बायका, मी सांगितलं. तिचं बोट वरून निघालं, पायरी पायरी उतरत खाली आलं, मिश्रीनं काळं झालेलं बोट, आणि त्या खुणेपाशी थांबलं.

"म्हंजे माझ्यापायी अडलंय तुमचं."

मी रडले. हमसून हमसून रडले. तिनं मला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. माझं रडून झाल्यावर म्हणाली, पेज दे, थंड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तिच्या अंथरुणाशी गेले. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "आज बी न्हाय घडली गं."

मग रोजच. उठली की पहिलं वाक्य तेच. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याला काही उलगडा होईना. आई काय म्हणतीया, म्हणून मला विचारायचा. मी त्याला सांगितलं नाही. शेजारणी भेटायला आल्या की त्यांच्यापुढं सुरू व्हायची, पोरीचं काम खोळंबलंय माझ्यापायी. त्या म्हणायच्या, तुमचं करायला लागतंय म्हणून व्हय आक्का? तसंच काय तरी, आई म्हणायची आणि माझ्याकडं बघून त्या एका बाजूनं हसायची. मला वाटायचं तिचं तोंड दाबून धरावं. मला वाटायचं तिनं असंच बोलत राहावं, दहा वर्षं बोलत राहावं, प्रोजेक्ट गेलं खड्ड्यात. दोन्ही एकदमच वाटायचं. इतकी दुष्ट आई मी आजवर कुठं बघितली नाही आणि तिच्यासारखी मला पुन्हा कुणी भेटलीही नाही.

मधे एकदा तिला बेळगावला दाखवून आणलं. नर्सनं आत या म्हणून हाक मारली, "बर्री अक्का." आईनं कानडीतच उत्तर दिलं, तिथं बोलायची तिला हौस होती. डॉक्टरांनी तपासलं आणि आता घरीच ठेवा म्हणाले, तेही फक्त मला बाजूला घेऊन. परत येताना गाडीत ती खिडकीशी बसली. खिडकीतून वारा येत होता, मी काच लावली, तिनं पुन्हा उघडली. संकेश्वर मागं पडल्यावर म्हणाली, "तुझ्या सरास्नी सांग, लई दम धरायला लागणार न्हाय."

मग बोलणं गेलं. गाल सुजला, जीभ वळेना. डबी उशाशी असायची, पण बोट आत जाईना. सकाळी मी चहा घेऊन गेले की ती नुसता हात हलवायची, दारावरच्या भाजीवालीला आज नको म्हणून हलवतात तसा. मी मान डोलवायची. एवढंच आमचं बोलणं उरलं होतं आणि मी रात्रभर त्याचीच वाट बघायची.

एका सकाळी हात हलला नाही. मी कप हातात घेऊन उभी राहिले. मग कप खाली ठेवला आणि अण्णाला हाक मारली. बायका गोळा झाल्या, त्यांनी मोठमोठ्यानं गळे काढले. हळू रडा म्हणणारं आता घरात कुणी नव्हतं.

चार दिवसांनी सर वैजूला घेऊन भेटायला आले. चटईवर बसले, फोटोला हात जोडले. आईबद्दल, वखारीत राबणाऱ्या बायकांबद्दल चांगलं बोलले. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ते नाटक नव्हतं. निघताना उंबऱ्यात चपला चढवता चढवता माझ्याकडं वाकले. घरात दुःख होतं म्हणून आवाज हळू केला.

"डेटा अपडेट करून घे, रूपाली. आता जमेल."

वैजूनं माझा हात घट्ट धरला. सोडला, पुन्हा धरला. पण नको म्हणाली नाही. डिग्री तिचीही होती. मला दोघांचाही राग यायला हवा होता. आला नाही, मी मान डोलवली.

सुतक फिटलं त्या दुपारी लॅपटॉप उघडला. आईचा नंबर शोधावा लागला नाही. शून्य पुसलं, एक लिहिला. मग हुकूम लिहिला आणि कॉमा तपासले, कंस तपासले, पुन्हा तपासले. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. कॉमा गाळला म्हणून लाल होणारं, अक्षर लहानाचं मोठं झालं म्हणून अंगावर येणारं हे यंत्र, एवढ्या मोठ्या गोष्टीला काही तरी म्हणेल. चुकलं म्हणेल. असं करता येत नाही म्हणेल. मी बटण दाबलं. एकही लाल अक्षर आलं नाही. ती बारीक खूण गेली, तिच्या जागी रेघ एक पायरी खाली उतरली, आणि उंबऱ्यावर बसलेला आकडा मुकाट्यानं आत आला. मी मागच्या दारी गेले, तिची डबी उघडून नाकाशी धरली. निपाणीत जन्मलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा तंबाखूनं शिंकले. शिंका थांबेचनात.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना मिश्रीचा मुद्दा फार आवडला. पहिल्यांदा चुकीचा प्रश्न विचारला आणि मग बरोबर विचारला, याचं त्यांनी कौतुक केलं. सरांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. तो आलेख आजही आमच्या विभागात लॅबच्या दाराशेजारी चौकटीत लावलेला आहे, त्याला हार नाही. दरवर्षी पोरांना मी त्याच्यासमोर उभं करून शिकवते. दरवर्षी कुणी तरी बोट ठेवतं आणि विचारतं, मॅडम, ही शेवटची पायरी एवढी खोल का? मी सांगते, शेवटाकडं मोजायला माणसं थोडी उरलेली असतात, म्हणून एकीचं जाणंही मोठं दिसतं. शास्त्राप्रमाणं हे उत्तर बरोबर आहे.

परवा पाणी पिऊन परत आले तर कंग्राळीची ती मुलगी तशीच बसली होती, लॅपटॉप मांडीवर, पाठ ताठ. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. तिची यादी वरून खाली बघत गेले. नंबर, महिने, शून्य. नंबर, महिने, एक. तिनं विचारलं, तारीख थोडी पुढं ढकलून मिळेल का, एखादा वाढला तर होऊन जाईल. मी तिला वाट बघण्याबद्दलचं सगळं शास्त्र सांगणार होते. तोंडही उघडलं होतं.

"ह्यात तुझ्या घरचं कोण हाय का गं?" मी विचारलं.

ती लॅपटॉपच्या कडेवर नख घासत राहिली. मग म्हणाली की आत्या आहे, पण तिचंही नाव नाही घातलं, नंबरच घातलाय.

"कशी हाय?"

"हाय मॅडम अजून," ती म्हणाली, आणि गृहपाठ राहिल्यासारखी मान खाली घातली.